अरल समुद्राला निसर्गाने नाही, कालव्यांनी संपवलं

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मध्य आशियातल्या अरल समुद्रावर अर्धं पान दिलंत, फोटो छान होते, पण 'निसर्गाच्या अवकृपेने आटलेला समुद्र' हे हेडिंग वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. अहो, निसर्गाने काय केलं? 1960 ला अरल 68 हजार चौरस किलोमीटर होता, आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठा, आणि त्याला पाणी देणाऱ्या नद्या दोनच, अमू दर्या आणि सिर दर्या. सोव्हिएत सरकारने कापसासाठी दोन्हींचं पाणी वळवलं.

मी जन्मभर कालव्यावर नोकरी केली. अमू दर्याचं पाणी तुर्कमेनिस्तानात नेणाऱ्या काराकुम कालव्याचं काम 1954 ला सुरू झालं, लांबी 1300 किलोमीटरच्या वर, वाळवंटातून जातो आणि बहुतेक ठिकाणी अस्तरीकरणच (तळाला-बाजूंना काँक्रीटचा थर) नाही, म्हणजे किती पाणी वाळूत जिरलं असेल बघा. आमच्याकडे साध्या चारीला अस्तर नसलं तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी मिळायची मारामार, तिथे टेलला समुद्र होता.

मुलगी ताश्कंदला असते, तिच्यासोबत उझबेकिस्तानातल्याच मुयनाकला जाऊन आलो. पूर्वीचं बंदर, आता वाळूत गंजलेल्या बोटी, त्यांच्या सावलीत गायी बसलेल्या. मूठभर वाळू उचलली तर त्यात बारीक शिंपले निघाले आणि वारा सुटला की ओठ खारट. ड्रायव्हरचे वडील मासे डबाबंद करायच्या फॅक्टरीत होते, समुद्र मागे गेल्यावर ती चालू ठेवायला म्हणे लांबच्या समुद्रातले गोठवलेले मासे रेल्वेने आणायचे. तिथे वाऱ्याने उडणाऱ्या धुळीत नुसतं मीठ नाही, कापसावर मारलेली औषधंपण आहेत आणि तीच धूळ लोकांच्या छातीत जाते.

तुमच्या लेखात कझाकस्तानचा उल्लेखच नाही. त्यांनी 2005 ला समुद्राचा उत्तरेकडचा भाग अडवून धरणारा कोकअरल बंधारा पुरा केला, त्या भागात अंदाजापेक्षा लवकर पाणी चढलं, मासे परत आले. दक्षिणेकडे मात्र 2014 ला पूर्वेचा भाग पार कोरडा पडला. आणि आता 2022 पासून अफगाणिस्तानात अमू दर्यावरच 285 किलोमीटरचा कोश तेपा कालवा खणतायत. पाण्यावर त्यांचाही हक्क आहे, शेती त्यांनीही करावी, पण निदान अस्तर तरी नीट करा म्हणावं.

एवढीच विनंती, हेडिंगची दुरुस्ती छापा आणि कोश तेपावर एक सविस्तर लेख द्या.

आपला,
एक निवृत्त कालवा कर्मचारी, श्रीरामपूर