बोलोन्याला बर्फातच जा की!

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इटलीवरचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण त्यात 'डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर इटली टाळा, बर्फ पडला की हॉटेलातच बसावं लागतं' असं जे सरसकट ठोकून दिलंय ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र. बाकीच्या गावांचं मला माहीत नाही, पण बोलोन्यात मी स्वतः जानेवारीत भर बर्फात सकाळी नऊपासून अंधार पडेपर्यंत हिंडलेय, वय वर्षे 63, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि छत्री अख्ख्या दिवसात दोनदा उघडली असेल.

लेक तिथे पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला आहे म्हणून गेलो, नाहीतर आपल्या टूरवाल्यांच्या यादीत हे गाव कुठलं असायला, फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाताना बसमधून पाटी दिसते तेवढंच. त्या दिवशी उठून बघतो तर समोरची लाल कौलं गायब, सगळं पांढरं. ह्यांनी लगेच जाहीर केलं की आज घरीच पोहे करा. लेक म्हणाली, बाबा खाली तर चला, मग बोला.

खाली म्हणजे पोर्तिकोत. आपल्याकडे जुन्या घरांना पडवी असते ना, तशी कमानींची पडवी, फक्त ती एका घराची नाही तर घरामागून घर, गल्लीमागून गल्ली चाललेलीच आहे. अख्ख्या शहरात मिळून 62 किलोमीटर आणि त्यातली 38 नुसत्या जुन्या गावात, त्यातले निवडक भाग 2021 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. बाहेर बर्फ भुरभुरतोय आणि तुम्ही आत कोरडे, दुकानं बघत, कॉफी पीत चाललाय. पण मला खरी मजा वाटली ती हे सुरू कसं झालं ते ऐकून. इथलं विद्यापीठ 1088 पासूनचं मानतात, पोरं लांबून लांबून शिकायला यायची, राहायला जागा पुरेना, मग लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खालून लाकडाचे टेकू दिले. म्हणजे सरळसरळ अतिक्रमण हो! पण तिथल्या कारभाऱ्यांनी 1288 मध्ये काय करावं, तर पाडापाडी करायच्या ऐवजी उलटा नियमच काढला की नवीन घर बांधाल तर खाली पोर्तिको पाहिजेच, जागा मालकाची, डागडुजीही मालकानेच करायची, चालायला मात्र सगळ्यांना मोकळी. उंची किती, तर घोड्यावर बसलेला माणूस डोकं न आपटता जाईल इतकी. स्ट्राडा मज्जोरेवर कासा इझोलानी म्हणून घर आहे, त्याचे तेराव्या शतकातले लाकडी खांब अजून उभे आहेत, जवळजवळ नऊ मीटर उंच, मी हात लावून बघितला, एवढ्या थंडीत दगडापेक्षा लाकूड बरं लागलं. (आपल्याकडे फोर्टात दादाभाई नौरोजी रोडला इमारतींच्या खाली जे सलग कमानींचे फुटपाथ आहेत तेही 1896 च्या नियमानेच झालेत, पण तिथे पावसाळ्यात चालायला जागा किती उरते ते मी डोंबिवलीकराने सांगायला नको.)

मोठ्या चौकात, म्हणजे पियाझ्झा मज्जोरेत, छत्री उघडावी लागली ती पहिल्यांदा. सान पेत्रोनिओ चर्च बघाच, 1390 ला सुरू केलं आणि दर्शनी भिंत आजपर्यंत अर्धवट, खाली संगमरवर आणि वर नुसत्या ओबडधोबड विटा. त्या दिवशी विटांच्या खाचाखाचांत बर्फ बसला होता, खालच्या गुळगुळीत संगमरवरापेक्षा वरचा भाग देखणा दिसत होता. आत जमिनीवर कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने 1655 मध्ये आखलेली 66.8 मीटरची रेघ आहे, छताच्या भोकातून उन्हाचा कवडसा भर दुपारी तिच्यावर पडतो आणि कोणती तारीख ते कळतं. आम्हाला ऊनच नव्हतं, त्यामुळे नुसती रेघ बघून आलो, बर्फामुळे झालेलं नुकसान ते एवढंच. मग समोरच्या पोदेस्ता वाड्याखालच्या कमानीत लेकीने ह्यांना एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मला तिरकं समोरच्या कोपऱ्यात, मध्ये माणसांची ये-जा, आणि ह्यांनी हळूच विचारलेलं 'चहा कुठे मिळतो बघ की' मला कानात बोलल्यासारखं ऐकू आलं.

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, आर्किजिन्नाझिओत, शरीरशास्त्राचं लाकडी थिएटर आहे, 1637 मधलं. मध्ये मुडदा ठेवायचं संगमरवरी टेबल आणि चारी बाजूंनी बाकं. हे थंडीतच बघावं असं माझं म्हणणं, कारण शवविच्छेदनं थंडीतच व्हायची, उन्हाळ्यात प्रेत टिकणार कसं! 29 जानेवारी 1944 च्या बॉम्बहल्ल्यात हे सगळं कोसळलं होतं, ढिगाऱ्यातून निवडलेले तुकडे आणि पुतळे वापरून परत उभं केलंय.

दुपारनंतर सान लुकाच्या टेकडीला गेलो. पोर्ता सारागोझ्झा या जुन्या वेशीपासून वरच्या देवळापर्यंत एकच पोर्तिको, 666 कमानी, पावणेचार किलोमीटरच्या वर. 1433 मध्ये म्हणे पाऊस थांबेना, पिकं सडायला लागली, तेव्हा वरची मेरीमातेची मूर्ती... मूर्ती नाही, चित्र आहे ते, खाली गावात मिरवत आणलं आणि पाऊस थांबला. तेव्हापासून दरवर्षी आणतात. आपण पाऊस यावा म्हणून देव पाण्यात घालून बसतो आणि हे थांबावा म्हणून पालखी काढतात! मग त्या पालखीला पावसाची झळ नको म्हणून 1674 पासून हा पोर्तिको बांधला, लोकांच्या देणग्यांतून. देवळाच्या फरशीवर आपल्याकडे नावं असतात तशा देणाऱ्यांच्या पाट्याही आहेत. मेलोंचेल्लोच्या कमानीनंतर चढ लागतो, तिथे अर्ध्यात माझ्या गुडघ्याने राम म्हटलं, मी कठड्यावर बसले. शेजारी एक आजोबा पिशवी घेऊन निवांत चढत होते, रोजचंच असल्यासारखं. बाहेर झाडं पांढरी आणि आवाज कसलाच नाही.

आता चुकीबद्दल. लेखात 'आसिनेल्ली मनोऱ्याच्या 498 पायऱ्या चढून गाव बघा' असं लिहिलंय. शेजारचा गारिसेंडा मनोरा जास्तच कलतोय अशी काळजी वाटून ऑक्टोबर 2023 मध्ये तो परिसर बंद केला, आम्ही गेलो तेव्हाही भोवती कुंपण होतं आणि आसिनेल्लीवर कोणाला सोडत नव्हते. कोणी फक्त त्यासाठी तिकीट काढून जायचं, तेव्हा पुढच्या अंकात खुलासा छापावा ही विनंती. आणि सोबत हेही छापा, की बर्फात जाताना रबरी तळव्याचे बूट घाला, कारण पोर्तिकोंच्या फरश्या गुळगुळीत असतात आणि बुटाला बाहेरचा बर्फ लागलेला असला की तिथेच पाय सटकतो. मी बर्फात नाही पडले, आत पडले.

आपली नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)