कोटेशनप्रमाणे मशीन न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्री व सेवा विभाग

विषय: जाड चामडं शिवण्याचं सिलिंडर आर्म (नळीसारख्या भुजेचं) मशीन बदलून मिळण्याबाबत, अन्यथा पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

धारावीत माझा चामड्याच्या कामाचा गाळा आहे. आम्ही पॉवरलिफ्टिंगचे कमरपट्टे बनवतो. म्हशीच्या चामड्याचे पाच-पाच मिमीचे दोन थर चिकटवायचे आणि कडेने शिलाई मारायची, असं हे काम. काही गिऱ्हाइकं १३ मिमीचाही पट्टा मागतात. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमात त्याहून जाड चालतच नाही. मशीन घेण्याआधी तयार पट्टा आपल्या शोरूममध्ये नेऊन टेबलावर ठेवला होता. आपल्या प्रतिनिधींनी तो हातात घेऊन पाहिला, "२० मिमीपर्यंत बिनधास्त शिवा" म्हणाले आणि कोटेशन दिलं. त्यावर लिहिलं आहे: ४४१ क्लास, सुई डीवाय×३, सर्वो मोटर, शिलाई २० मिमी. ४४१ क्लास म्हणजे जाड चामड्याचं भारी मशीन आणि डीवाय×३ ही त्याची लांब, जाड सुई.

गाळ्यात आलेलं मशीन ते नाही. ते त्याच्या खालच्या वर्गातलं आहे.

पुरावा सुईतच आहे. आपल्या मेकॅनिकने मशीनबरोबर ठेवलेली सुयांची पाकिटं डीपी×१७ ची आहेत आणि सुईदांड्यात बसते तीही तीच. ही सुई सोफा, गाडीच्या सीट, बॅगा शिवणाऱ्या मशीनची. त्यातही ×१७ म्हणजे कापडाचं गोल टोक. त्याच मापात चामड्यासाठी धारेचं टोक हवं तर डीपी×१६ घ्यावी लागते. बाजारातून डीवाय×३ आणून दोन्ही सुया शेजारी ठेवल्या. लांबीत आणि जाडीत एवढा फरक आहे की नवशिक्या पोरालाही कळावा. लांब सुई या मशीनमध्ये बसतच नाही.

लांबीला महत्त्व का, हे आपल्या सेवा विभागाला मी सांगायची गरज नसावी, पण फोनवर जी उत्तरं मिळाली ती ऐकून लिहितो. सुईचं नेढं प्लेटच्या खाली उतरलं पाहिजे. तिथून ती जराशी वर येताना दोऱ्याचा फास पडतो आणि खालच्या शटलचं (दोरा पकडणाऱ्या आकड्याचं) टोक तो उचलतं. फास पडला नाही की टाका सुटला. आमचा १० मिमीचा पट्टा लावला की सुई पूर्ण खाली जायच्या आत सुईदांड्याची पकड दाब-पायावर (चामडं दाबून धरणाऱ्या पायावर) आपटते. टक्‌टक् आवाज येतो, दोन-तीन टाके पडतात, मग एक सुटतो. बकलपाशी चामडं दुमडून जाडी वाढते, तिथे तर सुई वाकतेच. जो जाड बॉण्डेड नायलॉन दोरा आम्ही वापरतो, तो या सुईच्या नेढ्यातून नीट सरकत नाही, तासला जातो.

आपला मेकॅनिक येऊन गेला. त्याने सुई आणि शटलचं टायमिंग पुन्हा लावलं आणि दाब-पायाची स्प्रिंग आवळली. त्यामुळे एकच झालं: खालच्या दात्यांचे वळ पट्ट्याच्या मागच्या बाजूला उठले. साल-टॅन (झाडाच्या सालीने कमावलेल्या) चामड्यावर असा वळ पडला की तो कायमचा. घासून, तेल लावून जात नाही. ते पट्टे आम्हाला बाजूला काढावे लागले. एका पट्ट्यात सुईचं टोक तुटून दोन थरांच्या मध्ये राहिलं. लोहचुंबक फिरवून जागा शोधली आणि पट्टा उसवला. हा पट्टा माणूस पोटाभोवती जीव खाऊन आवळतो आणि मग वजन उचलतो. ते टोक आमच्या नजरेतून निसटलं असतं तर जबाबदार कोण होतं?

सेवा विभागाचं उत्तर लेखी आहे, म्हणून इथे देतो: "दाब-पाय २० मिमी उचलतो, त्यामुळे मशीनमध्ये दोष नाही." साहेब, पाय किती उचलतो तो आकडा वेगळा आणि मशीन किती जाडी शिवतं तो वेगळा. पायाखाली पट्टा मावतो, हे मला मान्य आहे. मी मशीन पट्टा मावावा म्हणून घेतलेलं नाही. कोटेशनवर "शिलाई २० मिमी" असे शब्द आहेत, "पाय उचल" असे नाहीत. मला सर्वांत जास्त राग याच उत्तराचा आला. हे मशीन विकणाऱ्याला हा फरक ठाऊक नसणं शक्य नाही.

सध्या पट्टे हाताने शिवून चालले आहेत. आरीने भोक पाडायचं, दोन सुया दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून ओढायच्या. काम भक्कम होतं, पण कारागिरांची बोटं सोलून निघतात आणि माल वेळेवर जात नाही. मशीन घेतलं ते याचसाठी. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर जातो.

"धंद्यासाठी घेतलं, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही" असंही फोनवर सांगण्यात आलं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) चं स्पष्टीकरण कृपया वाचावं: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. मी स्वतः मशीनवर बसतो आणि घर त्यावर चालतं. विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जापेक्षा माल कमी असेल तर कायद्याने तोही दोषच. तक्रार मी राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते.

माझी मागणी अशी. कोटेशनमध्ये लिहिलेलं, डीवाय×३ सुईचं मशीन द्यावं आणि माझ्या गाळ्यात माझ्याच पट्ट्यावर, बकलच्या दुमडीसह, शिवून दाखवावं. ते जमत नसेल तर जीएसटी आणि वाहतुकीसह पूर्ण रक्कम परत करावी. वाया गेलेल्या चामड्याची भरपाई दोन्हींत हवी. ते पट्टे जपून ठेवले आहेत, येऊन पाहावेत. "पुन्हा मेकॅनिक पाठवतो" हे उत्तर आता नको, कारण सुईदांडा आवळून लांब होत नाही.

या पत्राचं लेखी उत्तर १५ दिवसांत न आल्यास मी आयोगाकडे जाईन.

मशीन भिवंडीच्या गोदामात आणून द्या, असं आपण कळवलं आहे. ते मी करणार नाही. चुकीचा माल आपण पाठवला, न्यायचाही आपणच. येण्याआधी एक दिवस फोन करावा. टेंपो नव्वद फुटी रस्त्यावरच थांबतो, गल्लीत शिरत नाही. तिथपर्यंत माथाडी लागतील आणि त्यांची मजुरी आपल्याकडे राहील.

आपला,
एक ग्राहक, धारावी, मुंबई

सोबत: बिल व कोटेशनच्या प्रती, सेवा विभागाचं उत्तर, दोन्ही सुयांचे आणि खराब पट्ट्यांचे फोटो.