‘ख्रिस्ती राष्ट्र’ ही आमची जुनी शिकवण नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या राजकारणावर हल्ली मराठी पेपरात बरंच येतं आणि त्यात ‘कट्टर ख्रिस्ती’ हा शब्द आला की पुढचं ठरलेलंच असतं, गर्भपाताला विरोध, शाळेत प्रार्थना पाहिजे, देश ख्रिस्ती म्हणून जाहीर करा. मी स्वतः जुन्या वळणाचा ख्रिस्ती आहे. पवित्र शास्त्र हे देवाचं वचन मानतो, गर्भपात मला पाप वाटतो, रविवारची उपासना चुकवत नाही. तरीपण सरकारने माझा धर्म स्वतःच्या हातात घ्यावा असं मला अजिबात वाटत नाही, आणि हे मत मी कुणा पुरोगाम्याकडून उसनं घेतलेलं नाहीये, ते माझ्यासारख्याच जुन्या वळणाच्या विश्वासणाऱ्यांचं आहे.

आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनची. 1813 मध्ये हे मिशनरी मुंबईत उतरले आणि पुढे नगरला आले, त्यांना पाठवणारी संस्था अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली, काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चवाल्यांची. आता हे फार कमी लोकांना माहीत असतं की त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी लोकांकडून टॅक्स घ्यायचे आणि तो 1833 पर्यंत चालू होता, म्हणजे मिशनरी इकडे येऊन 20 वर्षं झाली तरी. सरकारने कुठलाही धर्म सरकारी करू नये असं सांगणारी 1791 ची अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती तेव्हा फक्त काँग्रेसला, म्हणजे तिथल्या केंद्राच्या संसदेला लागू होती, राज्यांना नाही. ज्यांनी आमच्या पूर्वजांना शुभवर्तमान दिलं त्यांचे उपकार आहेतच, पण त्यांच्या गावी काय चाललं होतं तेही खरं सांगायला पाहिजे.

या टॅक्सचा त्रास कुणाला होता? नास्तिकांना नाही हो, बॅप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांना आणि सरकारी चर्च सोडून बाहेर पडलेल्या भाविकांना. आयझॅक बॅकस नावाचे बॅप्टिस्ट पाळक होते, त्यांच्या विधवा आईला 1752 मध्ये शेजारच्या कनेटिकटमध्ये असाच टॅक्स भरला नाही म्हणून तुरुंगात टाकलं. व्हर्जिनियात लायसन्स न घेता उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट उपदेशकांना कोठडीत घातलं, काही जण तर गजांच्या आडून बाहेरच्या लोकांना उपदेश करत होते. ही माणसं आजच्या कुठल्याही टीव्हीवरच्या प्रचारकापेक्षा विश्वासात कमी नव्हती. 1801 मध्ये कनेटिकटच्या डॅनबरी भागातल्या बॅप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफर्सनला पत्र लिहिलं की आम्हाला धर्माची मोकळीक मिळते ती मेहेरबानी म्हणून मिळते, हक्क म्हणून नाही. त्याला उत्तर देताना 1 जानेवारी 1802 ला जेफर्सनने चर्च आणि सरकार यांना वेगळं ठेवणाऱ्या ‘भिंती’चा शब्द वापरला. आज काही ख्रिस्ती पुढारी ती भिंत म्हणजे देव न मानणाऱ्यांनी काढलेली टूम आहे असं सांगतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण ते उत्तर आमच्याच लोकांच्या पत्राला आलेलं होतं.

दुसरी बाजूही मला कळते. मत द्यायला जाताना विश्वास घरी ठेवून या असं कुणी म्हणालं तर ते मी ऐकणार नाही, गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिलेले कितीतरी लोक आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी ते ऐकलं असतं तर काय झालं असतं? 2022 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने शाळेच्या एका फुटबॉल कोचला मॅचनंतर मैदानावर प्रार्थना करायचा हक्क आहे असा निकाल दिला, मला तो पटला. ती एका माणसाची प्रार्थना होती. पण 2024 मध्ये लुइझियानाने सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांचं पोस्टर लावायचा कायदा केला आणि 2025 मध्ये टेक्सासने तसाच केला, तिथे आज्ञा लावणारं सरकार आहे आणि समोर बसणारं लेकरू सात वर्षांचं. माझी पुतणी टेक्सासला असते, तिच्या मुलीच्या वर्गात हिंदू, मुसलमान सगळ्यांची पोरं आहेत. दहा आज्ञा तिच्या मुलीला घरी पाठ आहेत, त्या शिकवायला आम्हाला सरकार नको.

आणि कुठल्या दहा आज्ञा हाही प्रश्न आहेच. प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि यहुदी यांची आज्ञा मोजायची पद्धत सारखी नाही, पोस्टरवर एकच यादी येणार आणि ती कुठली हे आमदार ठरवणार. हे किरकोळ वाटत असेल तर 1844 चं फिलाडेल्फिया आठवावं, सरकारी शाळेत कुठलं बायबल वाचायचं यावरून पेटलेल्या वादात दंगली झाल्या, माणसं मेली, कॅथलिक चर्च जाळली. दोन्हीकडे ख्रिस्तीच होते.

घटनेने विश्वासणाऱ्याचं रक्षण कसं होतं ते आपल्याकडेही दिसलंय. केरळमध्ये यहोवा विटनेस नावाच्या पंथाच्या कुटुंबातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून शाळेतून काढलं, ती उभी राहायची पण म्हणायची नाहीत. 1986 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि त्या निकालात अमेरिकेच्या 1943 च्या केसचा आधारही घेतला, शाळेत झेंड्याला सलामी द्यायची सक्ती करता येत नाही असा तो निकाल होता आणि त्या केसमधली मुलंसुद्धा यहोवा विटनेसच होती. त्यांची शिकवण मला मान्य नाही, पण त्यांच्यासाठी मिळालेला हक्क उद्या माझ्या नातवंडांच्या कामाचा आहे.

एकच विनंती आहे. लुइझियानाच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या पालकांमध्ये प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे एक पाळकही आहेत. पुढच्या वेळी या विषयावर लेख छापाल तेव्हा त्यांच्यासारख्यांची बाजूही त्यात येऊ द्या.

आपला नम्र,
एक वाचक, अहिल्यानगर