लग्नातल्या ड्रोनचा विमा कोण विचारतो?

मा. संपादक,
स. न.

तुळशीचे लग्न झाले की आमच्याकडे लग्नसराई लागते. 'ड्रोन आहे ना?' हे यजमान पहिल्या फोनलाच विचारतात. त्याचा विमा आहे का, हे मात्र अकरा वर्षांत एकाही वधुपित्याने किंवा कार्यालयवाल्याने मला विचारलेले नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो माझ्याकडेही नव्हता.

त्या हंगामात एका वरातीवर ड्रोनची बॅटरी उतरली. तो आपोआप माघारी निघाला, वाटेत विजेच्या तारेला अडकला आणि उभ्या गाडीवर कोसळला. काचेचे सोळा हजार मी खिशातून भरले. पण तिथून चार हातांवर लहान मुले नाचत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आमच्यातले बरेच जण पावतीवर 'अपघातास आम्ही जबाबदार नाही' असे छापून निर्धास्त होतात. त्या पावतीवर सही यजमानाची असते. ज्याच्या डोक्यावर ड्रोन पडेल त्या पाहुण्याची नाही. तो भरपाई मागू शकतो. शिवाय आमचे धंदे एकट्याच्या नावावरचे. धंद्याचे देणे आणि घरचे देणे कायद्याला वेगळे नसते.

2021च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला मोटारसायकलीसारखाच थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. हलक्या ड्रोनला विम्यातून सूट आहे, नुकसानभरपाईतून नाही. नोंदणी आणि पायलटचे प्रमाणपत्र नसेल तर विमा असूनही दावा अडकू शकतो.

मी आता माणसांच्या डोक्यांवरून ड्रोन नेत नाही. वरात शेताच्या बाजूने टिपतो, फटाके लागले की खाली उतरवतो, माघारी येण्याची उंची तारा आणि झाडे बघूनच लावतो. यामुळे दोन ऑर्डरी गेल्या, त्याचे दुःख नाही.

चार महिने काम मिळणाऱ्या पोरांना वर्षाचा हप्ता जड जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तालुक्याच्या छायाचित्रकार संघटनांनी विमा कंपन्यांकडे सामूहिक, हंगामापुरती पॉलिसी मागावी. कार्यालयांनीही तारीख देतानाच पॉलिसीची प्रत मागावी. आमच्या तालुक्यात नावे गोळा करायचे काम मी अंगावर घ्यायला तयार आहे.

आपला,
एक छायाचित्रकार, कराड