'घरात कोणी अपंग नाही ना?'

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी २०११मध्ये जनगणनेच्या ड्युटीवर मी दारोदार फिरले. तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. अपंगत्वाचा रकाना आला की घाईघाईत विचारायची, "घरात कोणी अपंग नाही ना?" एका घरी सासूबाई उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. खडा लागला की बाजूला. सून म्हणाली, "नाही हो बाई, कोणी नाही." मी 'नाही' लिहिलं आणि पुढचं दार गाठलं. सून खोटं बोलली नव्हती. म्हातारपणी दिसायचं कमी होतंच, त्याला अपंगत्व कोण म्हणतं? पण ती बोटं मला अजून आठवतात.

त्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग मोजले गेले, म्हणजे २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना जगातलं प्रमाण १६ टक्के सांगते, दर सहा माणसांत एक. व्याख्या वेगवेगळ्या आहेत, हे मान्य. तरी एवढी तफावत नुसत्या व्याख्येची नाही, विचारण्याच्या पद्धतीचीही आहे. अनेक देशांत 'वॉशिंग्टन ग्रुप' या अपंगत्वाची आकडेवारी पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न वापरतात. त्यांत 'अपंग' हा शब्दच येत नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? चालायला, जिने चढायला? ऐकायला, लक्षात ठेवायला? उत्तरं चार: मुळीच नाही, थोडा, खूप, अजिबात जमत नाही. असं विचारलं असतं तर त्या सुनेने न लाजता 'खूप' म्हटलं असतं.

आपल्याकडे जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न १९३१नंतर थेट १९८१मध्ये विचारला गेला आणि १९९१मध्ये पुन्हा गाळला. २००१ आणि २०११ला विचारला, पण २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून २१ केले, ते त्यानंतर. आमच्या विदर्भात घरोघरी ऐकू येणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार त्यात आहे. सांधे धरले की आठ-आठ दिवस शाळेत न येणारी मुलं माझ्याच वर्गात होती. त्यांच्यासाठी माझ्या फॉर्मवर वेगळा रकाना नव्हता.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. कोणावर, हे ठरतं ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांच्या यादीवरून. जिल्हा रुग्णालयापर्यंत ज्यांना कोणी नेलंच नाही, त्यांचं नाव तिथे कसं येणार?

फेब्रुवारी २०२७मध्ये पुन्हा गणना आहे, या वेळी मोबाइलवर. प्रगणकांच्या प्रशिक्षणात या एका प्रश्नासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, तो कसा विचारायचा याचा सराव करून घ्यावा, आणि शक्य तिथे तो त्या माणसालाच विचारायला सांगावं, ही माझी कळकळीची विनंती. आकडे गावनिहाय जाहीर व्हावेत, म्हणजे ग्रामसभेत कोणालाही उठून निधीचा हिशेब विचारता येईल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)