टाळेबंदी कोणाची?

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका कारखान्याच्या टाळेबंदीची बातमी होती. नातवाने मथळा वाचला आणि विचारले, ‘‘आबा, कोरोना परत उना का?’’ हसू आले, पण चूक त्याची नव्हती.

माझे वडील गिरणी कामगार. आमच्या घरी टाळेबंदी म्हणजे मालकाने फाटकाला लावलेले कुलूप, आणि दुकानदाराकडची वाढती उधारी. कामगार करतो तो संप, मालक करतो ती टाळेबंदी. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘लॉकआऊट’ची व्याख्याही हीच होती, मालकाने काम बंद ठेवणे. मार्च 2020 मध्ये हाच शब्द ‘लॉकडाऊन’साठी छापला जाऊ लागला आणि त्यातला मालक गळून पडला.

मी तीस वर्षे मराठी शिकवले, म्हणून समासाचेही सांगतो. संचारबंदी म्हणजे संचाराला बंदी, जमावबंदी म्हणजे जमावाला बंदी, सरळ विग्रह. टाळेबंदी म्हणजे मात्र टाळ्याला बंदी नव्हे, टाळे लावून केलेली बंदी. मधले ‘लावून केलेली’ लोपते. तटबंदीचा विग्रह ‘तटाला बंदी’ असा कोणी करत नाही, तसेच हे. एका विद्यार्थ्याने फोनवर विग्रह सांगितला होता, ‘टाळ्यांना बंदी’. 22 मार्चला साऱ्या देशाने टाळ्या वाजवल्या आणि तिसऱ्याच दिवशी सगळे बंद झाले, तेव्हा त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेसे वाटले!

बाकीच्या शब्दांचे म्हणाल तर ‘मुखपट्टी’ छापील कागदाबाहेर फारशी आलीच नाही. एप्रिलच्या उन्हात कानाला रुमाल गुंडाळून फिरणाऱ्या खानदेशाला तिची गरजही नव्हती. आमच्याकडे ‘तोंडले फडकं बांध’ एवढे पुरे होते. ‘गृहविलगीकरण’ दारावरच्या कागदापुरते राहिले, तोंडी ‘क्वारंटाईन’च. ‘गावबंदी’ मात्र लोकांनी आपणहून उचलला, कारण वेशीवर बाभळीच्या काट्या त्यांनीच आडव्या टाकल्या होत्या. ‘गावाने केलेली बंदी’ की ‘गावात यायला बंदी’, हे कोणाला विचारावे लागले नाही.

‘लॉकडाऊन’ आता खेड्यापाड्यात रुळला आहे. साथीच्या आठवणी लिहिताना तोच ठेवावा. ‘टाळेबंदी’ कामगारांसाठी राखावी आणि तिच्या बातमीत कुलूप कोणी लावले तेही मथळ्यातच द्यावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षक, पारोळा (जि. जळगाव)