पोरींना टर्फवर सराव मिळू दे

मा. संपादक, स. न. वि. वि.

माझी मुलगी महाविद्यालयाच्या हॉकी संघाची गोलकीपर आहे. सराव मुरमाच्या मैदानावर आणि सामना टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, असा प्रकार चालतो. पाणी मारलेल्या टर्फवर चेंडू सरळ सुसाट येतो, मुरमावर तो खड्याला लागून उडतो. त्यामुळे चेंडू अडवायला पायाचा पॅड कधी टाकायचा हा अंदाजच पार बदलतो. सामन्याच्या दिवशी पहिल्या पंधरा मिनिटांच्या सत्रात पोरी नुसत्या चाचपडतात, तोवर दोन गोल झालेले असतात!

कोल्हापुरात मेजर ध्यानचंद यांच्या नावाचं हॉकी स्टेडियम आहे. शिवाजी विद्यापीठाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा अशा तीन जिल्ह्यांतून खेळाडू येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेआधी प्रत्येक संघाला, निदान बाहेरगावच्या संघांना तरी, टर्फवर दोन-तीन सकाळी सराव मिळावा. त्याचं वेळापत्रक महाविद्यालयांना आधी कळवावं.

आणि एक हक्काची मागणी तुमच्याकडे. कोल्हापुरातल्या पेठांच्या संघांच्या फुटबॉलला तुमच्याकडे पानभर जागा मिळते, ती मिळावीच, आम्हीही ते पान आधी उघडतो. पण हॉकीच्या निकालात नुसता स्कोअर न छापता गोल कुणी केले, कुणी अडवले, तेही छापा. आजी कात्रण काढून ठेवते हो!

– एक पालक, कोल्हापूर